नॅनोव्हीएनए: छोटा, मोठा की घेऊच नये?

गच्चीवाला: हॅम रेडिओच्या 40 मीटर बँडचा (7 मेगाहर्ट्झच्या आसपासचा) डायपोल, म्हणजे तारेची अँटेना, गच्चीवर ताणलाय. मोजायला पाण्याच्या टाकीवर चढावं लागतं, एक हात शिडीला. म्हणून खिशात मावेल असा व्हीएनए (अँटेना, केबल वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सीवर तपासणारं यंत्र) हवाय. 2.8 इंची नॅनोव्हीएनए-एच, 4 इंची एच-फोर, की 6.3 गिगाहर्ट्झपर्यंत जाणारा लाइटव्हीएनए? बजेट बेताचं.

भाऊकाका: काहीच नको. अँटेनाकडून किती पॉवर परत येते ते दाखवणारा एसडब्ल्यूआर मीटर आहे ना? बँडच्या दोन्ही टोकांना बघा. खाली कमी, वर जास्त, म्हणजे तार लांब. कापा. आमच्या सगळ्या अँटेना अशाच उभ्या राहिल्या.

सोल्डरवाली: किती कापायची, काका? व्हीएनएवर माझा डिप, म्हणजे एसडब्ल्यूआर सगळ्यात कमी असतो ती जागा, निघाला 6.85 मेगाहर्ट्झला, हवा होता 7.1 ला. तार 20.5 मीटर. गुणोत्तर मांडलं, दोन्ही बाजूंनी 36-36 सेंटिमीटर उडवली, काम झालं. 6.85 तर आपल्या बँडच्या बाहेर! मीटरने तो डिप शोधायला तिथे ट्रान्समिट करू?

भाऊकाका: बरं, तेवढं मान्य. पण हे नॅनोव्हीएनएचं खेळणं 300 मेगाहर्ट्झच्या वर हार्मोनिकवर, म्हणजे मूळ सिग्नलच्या कमजोर पटींवर, चालतं. 433 मेगाहर्ट्झचा फिल्टर लावून बघा, फिल्टर सिग्नल अडवतो तो खोल भाग नॉइजमध्येच बुडालेला दिसेल.

चाळीसमीटर: फिल्टरचं विचारलंय कुणी? एच-फोर घे रे. छोट्याच्या स्क्रीनवरचे आकडे मी भर दुपारी डोक्यावर टॉवेल घेऊन वाचलेत. वजनात म्हणावा तसा फरक नाही. लाइटव्हीएनए 2.4 गिगाहर्ट्झचा नाद असेल तरच. कॅलिब्रेशनचे ओपन, शॉर्ट, लोड हे तीन तुकडे केबलच्या अँटेनाकडच्या टोकाला लाव, नाहीतर केबलसकट मोजशील. आणि त्या पोर्टला चुकूनही ट्रान्समीटर जोडू नकोस. माझा पहिला असाच गेला, हँडीच्या (हातातल्या रेडिओच्या) 5 वॉटमध्ये.

काका, तुमच्या मीटरचंही सांगतो. गेल्या पावसाळ्यात माझा एसडब्ल्यूआर बँडभर 1.6 च्या आत. मी खूश, पण कुणाला ऐकूच जाईना. शेवटी केबलचं वरचं टोक मोकळं सोडून खालून व्हीएनएने एस-वन-वन, म्हणजे परत येणारा सिग्नल, मोजला: रिटर्न लॉस (घट) 6 डेसिबल. जाऊन-येऊन 6, म्हणजे एकेरी 3. निम्मी पॉवर केबलमध्येच जिरत होती. परत येणारीही तिथेच जिरायची, म्हणून मीटरला सगळं छान दिसायचं. 20 मीटर आरजी-58 केबल, नवी असती तर 7 मेगाहर्ट्झला रिटर्न लॉस दीडच्या आसपास आला असता. कनेक्टर उघडला तर आतली जाळी हिरवी.

भाऊकाका: टोकाला डमी लोड (अँटेनाऐवजी पॉवर जिरवणारा रेझिस्टर) आणि वॉटमीटर लावला असतात तर तेही कळलं असतं.

सोल्डरवाली: आणि ते सगळं टाकीवर कोण चढवणार?

भाऊकाका: तरुण मुलं आहेत की.

गच्चीवाला: एच-फोर मागवतोय. काका, रविवारी डमी लोड घेऊन या, दोन्ही पद्धतींनी मोजू. वर मी चढतो, शिडी तुम्ही धरा.