पाणी बाबांच्या पिढीनं संपवलं, मग बोलणी आम्ही का खायची?

मांजराकाठ

मंडळी, जरा मोठं लिहितोय, सांभाळून घ्या.

आमचं गाव लातूरपासून तासाभरावर. मी पुण्यात विमा कंपनीत नोकरीला, वय एकोणतीस. बाबा सदुसष्ट. गावी गेलो की जेवताना विषय ठरलेला: तुमच्या पिढीनं देशाची वाट लावली. कष्ट नकोत, माती नको, कुणाचं ऐकणं नको. बाबांना हे सकाळी सहाला व्हॉट्सअ‍ॅपवर येतं आणि रात्री माझ्या ताटात पडतं.

एरवी मी मान खाली घालून जेवतो. या खेपेला त्यांनी नवीन बोअरसाठी दीड लाख मागितले आणि माझं डोकं फिरलं. नऊ एकरांत आमचे पाच बोअर आहेत. चालू एकच, तोही तासाभरात गुळण्या टाकायला लागतो. पहिला दोनशे फुटांच्या आत लागला होता म्हणे. शेवटचा साडेसातशेला. आता बोअर मारणारा गाडीवाला म्हणतो, नऊशे धरून चला.

माझं म्हणणं असं. या लोकांना भरलेल्या विहिरी मिळाल्या. त्यांनी पंप बसवले, ऊस लावला, गावोगाव कारखाने उभे राहिले तेव्हा गुलाल उधळला. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. पहिल्या गाडीला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. त्याआधी टाक्यांपाशी मारामाऱ्या नकोत म्हणून १४४ कलम लावलं होतं. मी तेव्हा कॉलेजात होतो, खोलीवर आंघोळ म्हणजे चैन होती. आणि देशाचं म्हणाल, तर जगात सगळ्यात जास्त भूजल आपण उपसतो, अमेरिका आणि चीन मिळून उपसतात त्याहून जास्त. हे काय मोबाईलवाल्या पोरांनी उपसलं?

प्रश्न सरळ आहे. आधीच्या पिढीला याचा जाब विचारायचा की नाही? आणि ज्यांनी संपवलं त्यांनाच आणखी खोल जायला पैसे द्यायचे का?

खवचट_पुणेकर

जाब जरूर विचारा. फक्त आधी जमीन नावावर करून घ्या.

निवृत्त_वायरमन

मी वीज मंडळात होतो, वय एकाहत्तर, म्हणजे तुझ्या हिशोबानं आरोपीच. तेव्हा माझी बाजू ऐकून घे.

७२ च्या दुष्काळात आम्ही मिलो खाल्ली. अमेरिकेची लाल ज्वारी. भाकरी तव्यावरच तुटायची आणि खाल्ली तरी पोट भरल्यासारखं वाटायचं नाही. शाळेत सुकडी मिळायची म्हणून शाळेत जायचो, शिकायला कोण जातंय. असल्या पोरानं पुढं स्वतःच्या रानात पंपाच्या पाइपातून मनगटाएवढी धार पडताना बघितली, तर तो नातवंडांना पाणी उरेल का याचा विचार करत बसेल? त्यानं नारळच फोडला.

आता यातली ग्यानबाची मेख ऐक. सत्तरीच्या शेवटाला शेतीपंपांचं बिल हॉर्सपॉवरवर आलं. मोटर पाचची की साडेसातची एवढंच बघायचं आणि ठरलेली रक्कम लावायची. तासभर चालवा नाहीतर रात्रभर, बिल तेच. पुढं भारनियमन आलं, शेतीला लाइट रात्रीची. रात्री दोनला उठून कोण जाणार रानात, विंचूकाट्यात? म्हणून लोकांनी ऑटो बसवले. लाइट आली की मोटर आपोआप सुरू, मालक घरी झोपलेला, पाणी बांध फोडून ओढ्याला. डीपीवर फ्यूज टाकायला गेलो की हे रोज दिसायचं. वर कळवलं तर उत्तर ठरलेलं, शेतकऱ्याला त्रास देऊ नका.

२००४ ला निवडणुकीच्या तोंडावर शेतीची वीज फुकट झाली, वर्षभरात परत बिलं सुरू. पंजाबात १९९७ ला फुकट केली, मधे एकदा बंद करून पाहिली, टिकली नाही. आज तिथं वर्षाला जेवढं मुरतं त्याच्या दीडपट उपसतात, म्हणजे आपण बरे म्हणायचं. आणि २०२४ ला आपल्याकडं साडेसात हॉर्सपॉवरपर्यंत परत फुकट, २०२९ पर्यंत. आता ही कुठल्या पिढीच्या नावावर मांडायची? तेव्हा तूही मतदार होतास. मीही होतो.

बाबांना एकदा शांतपणे विचार, ऊस का लावता. माझा अंदाज सांगतो. २०२४ ला सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४८९२ रुपये. मोंढ्यात त्या भावानं किती जणांचं सोयाबीन गेलं? उसाला निदान गाडी बांधावर येते. १९९९ ला राज्याच्या पाण्यासाठी नेमलेल्या चितळे आयोगानं पाण्याची तूट असलेल्या नदीखोऱ्यांत उसासारखी पिकं नकोत असं लिहून ठेवलंय, पण उसाऐवजी जे लावायचं त्याला गिऱ्हाईक कोण, याची तजवीज कुणी केली नाही.

गोदावरी

भाऊ, तुमची चिडचिड कळते. पण "आधीची पिढी" म्हणजे नेमकं कोण, हे जरा सांगाल? वायरमनकाकाही "आम्ही" म्हणतात. माझी आई तुमच्या बाबांपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी. तिच्याकडे विहीर कधी नव्हती, कारण जमीनच नव्हती.

७२-७३ ला ती दुष्काळी कामावर होती. आधी खडी फोडायला, मग पाझर तलावावर माती वाहायला. त्या उन्हाळ्यात राज्यात पन्नास लाखांच्या आसपास माणसं अशा कामांवर होती, त्यात बायका किती ते जुने फोटो बघा. मस्टरवर अंगठा, मुकादमाच्या शिव्या, पोर झाडाखाली झोळीत. तलाव झाला. पाणी मुरलं. आणि मुरून गेलं कुठं? तलावाच्या खालच्या अंगाला ज्यांच्या विहिरी होत्या तिथं. आईच्या वाट्याला मजुरी आली आणि पुढं उन्हाळ्यात त्याच विहिरीवर पाणी मागायला जाणं आलं. "मालक, दोन घागरी घेऊ का?" हे मी स्वतः ऐकलंय, तिच्या पदराला धरून उभी होते.

तेव्हा त्या पिढीनं उपसलं, हे मला मान्य नाही. त्या पिढीतल्या पंपवाल्यांनी उपसलं. बिनपंपवाल्यांनी तलाव खोदले.

दुसरं, त्यांना कळत नव्हतं असंही म्हणू नका. विलासराव साळुंखे याच दुष्काळात पुण्याहून पुरंदरला गेले. इंजिनिअर, स्वतःचा कारखाना असलेला माणूस. नायगावला पाणी पंचायत उभी केली. नियम काय होते बघा: पाणी जमिनीवर मोजायचं नाही, घरातल्या माणसांवर मोजायचं. माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. ऊस नाही. आणि भूमिहीनालाही पाण्यात हिस्सा. अर्धं शतक झालं याला. आजही कुठल्याही ग्रामसभेत हा शेवटचा नियम वाचून दाखवा, पुढच्या रांगेतले उठून जातील. त्यात तुमच्या वयाचेही असतील.

तुमची पगाराची स्लिप काढा. व्यवसाय कर दिसेल, महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३००. हा कर १९७५ ला रोजगार हमीसाठी लावला. वि. स. पागे विधान परिषदेचे सभापती होते, योजना त्यांच्या डोक्यातली. शहरातल्या पगारदारानं गावातल्या बिनकामाच्या माणसाला काम द्यायचं, असा तो व्यवहार. तेव्हा पगारदारांनी कुरकुर केली असेल, पण भरला. पुढं नोकरीला लागल्यावर तुमच्या बाबांच्या वयाच्या लोकांनीही. हेही त्या पिढीच्या खात्यावर मांडा की.

तुमच्या विहिरीच्या वरच्या अंगाला तलाव आहे का हो?

मांजराकाठ

गोदावरीताई, आहे. अर्ध्या किलोमीटरवर. आम्ही त्याला दुष्काळी तळं म्हणतो. लहानपणी तिथंच पोहायला शिकलो. कुणी खोदलं ते घरात कधी निघालं नाही.

पण तरी माझा मुद्दा राहतोच. मी ना खोदलं ना उपसलं. मला दोन्हीकडून बोलणी. बाबा म्हणतात तुम्ही बिघडवलं, तुम्ही म्हणता तुमच्या बाबांनी फुकटात घेतलं. मी करायचं काय?

खवचट_पुणेकर

ना उपसलं? उन्हाळ्यात तुमच्या सोसायटीत टँकर येत नाही? तो कुठं भरतो ते एकदा त्याच्या मागं गाडी घेऊन बघा. आमच्याकडचा एका शेतकऱ्याच्या विहिरीवर भरतो. त्यानं शेती सोडलीय, पाणी विकणं परवडतं म्हणतो.

गोदावरी

दोष तुमचा नाहीच. पण उद्या नऊ एकर तुमच्या नावावर होतील तेव्हा सातबाऱ्यावरचा बोजाही तुमच्याच नावावर येईल ना? कर्ज मी काढलं नव्हतं म्हणून बँक जमीन मोकळी करत नाही. तळ्याचंही तसंच धरा. ते गाळानं भरलं असणार, बहुतेक सगळी भरलीत. गाळ काढायचा विषय ग्रामसभेत काढा. काढलेला गाळ आधी कुणाच्या रानात जातो तेही बघा. आमच्याकडं ट्रॅक्टर ज्यांचे होते त्यांनीच नेला.

आणि बाबांनी देशाचा विषय काढला की त्यांना तळं कुणी खोदलं ते विचारा. त्यांना नावं माहीत असतील. सदुसष्टचा माणूस तेव्हा चौदा-पंधरा वर्षांचा असेल, त्यानं ती माणसं बघितलीत.

निवृत्त_वायरमन

बोअरबद्दल एक राहिलं. शेतीसाठी ६० मीटरच्या खाली, म्हणजे दोनशे फुटांच्या खाली बोअर मारायला कायद्यानंच मनाई आहे. २००९ चा भूजल कायदा, लागू व्हायला २०१४ उजाडलं. तुझ्या पाचांतले किती त्यात बसतात ते तूच मोज. गाडीवाला हे सांगणार नाही, तो तमिळनाडूतल्या तिरुचेंगोडेहून आलेला असतो आणि त्याला फुटावर पैसे मिळतात. पाणी लागो न लागो.

कायदा बाजूला ठेव, आपला खडक बघ. काळा पाषाण. पाणी वरच्या मुरमात आणि मधल्या भेगांत. नऊशे फुटांवर भेग लागलीच तर ते पाणी एकदाच मिळतं, ते भरून यायला आपला पाऊस पुरत नाही. हिवरे बाजार गावात सरपंच असताना पोपटराव पवारांनी शेतीसाठी बोअर बंद केले, ऊस-केळी बंद केली, तेव्हा विहिरी वर आल्या. चारशे मिलिमीटर पावसात. लातूरला पाऊस त्याच्या जवळपास दुप्पट आहे रे.

मांजराकाठ

काल फोन केला. म्हटलं बोअरला पैसे देत नाही, ठिबकला देतो. बाबा म्हणाले, ठिबकमधून सोडायला पाणी कुठाय? मग तळ्याचं विचारलं. जरा वेळ काही बोलले नाहीत. मग चार नावं सांगितली. त्यातली एक बाई अजून गावात आहे, वेशीजवळच्या वस्तीत. मग म्हणाले, पण उभ्या उसाचं काय करू ते सांग. त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

निवृत्त_वायरमन

लागण आहे, म्हणजे नवा लावलेला, का खोडवा, म्हणजे तोडलेल्या बुडख्यातून परत फुटलेला? खोडवा असेल तर तुटून गेला की मोडा म्हणावं, पुढचा ठेवू नका. नोव्हेंबरात तोड आली तर हरभरा निघतो, दोन पाण्यावर. बियाणं आत्ताच सांगून ठेव, दिवाळीनंतर मिळत नाही. कारखान्याची नोंद रद्द करायला त्यांना एकट्याला पाठवू नको, सोबत जा.