बोटं 'दुखतात' की 'अकडतात'?

विचारणा, नागपूर
आई दोन महिन्यांपासून म्हणते, "सकाळी बोटं अकडून जाते रे, मूठच वळत नाही." धंतोलीत डॉक्टरांकडे नेलं तेव्हा मीच मध्ये बोललो, "बोटं दुखतात तिची." त्यांनी मला थांबवून आईलाच विचारलं, "दुखतात की अकडतात? मोकळी व्हायला किती वेळ लागतो?" ती म्हणाली, "स्वयंपाक होऊन डबा भरेस्तोवर." त्यांनी ते लिहून घेतलं. या दोन शब्दांत एवढा फरक आहे का? शिवाय काकू म्हणतात आमवात, मामा म्हणतात संधिवात. बरोबर काय?

उत्तर
फरक मोठा आहे. दुखणं ही वेदना, अकडणं म्हणजे हालचालच अडणं. पुण्याकडे 'आखडणे' म्हणतात, डॉक्टरी मराठीत 'सकाळचा ताठरपणा'. वयानं झिजलेल्या गुडघ्यातही ताठरपणा असतो, पण तो बहुधा अर्ध्या तासाच्या आत सुटतो आणि चाललं की दुखणं वाढतं. ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसमध्ये, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटते त्या आजारात, उलट: तासभर किंवा जास्त वेळ अकडलेलं राहतं, हात चालवले की सैल पडतं. हा आजार ओळखण्याच्या १९८७ च्या अमेरिकन निकषांत किमान १ तासाचा ताठरपणा हा स्वतंत्र मुद्दाच होता. २०१० च्या निकषांत तो नाही; तिथे किती आणि कोणते सांधे सुजले-दुखले, त्रास ६ आठवडे टिकला का, रक्ततपासणीत काय आलं, याला गुण आहेत. पण सुरुवातीला रक्त निगेटिव्हही येऊ शकतं, म्हणून पेशंटचा शब्द फार मोलाचा.

जागाही नीट सांगा. नुसतं 'बोटं' नको. बोटांच्या मुळाचे सांधे, मधली पेरं, मनगटं, आणि बहुधा दोन्ही हातांची, ही ऱ्हुमॅटॉइडची ओळख. नखालगतचा सांधा सहसा यातून वाचतो. झिजेत मात्र तिथेच गाठी येतात.

आता 'आमवात'. यातला आम म्हणजे आमांशातलाच, न पचलेला अन्नरस. माधवनिदान या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात आमवातावर वेगळा अध्याय आहे, आणि वेदनेला विंचू चावल्याची उपमा. आयुर्वेदात झिजेला 'संधिगत वात' म्हणतात. बोलण्यात 'संधिवात' मात्र सगळ्याच सांधेदुखीला चालतो, म्हणून मामाही चुकत नाहीत. ऱ्हुमॅटॉइडला मराठीत मला 'आमवात' जास्त नेमका वाटतो.

आणखी एक
नागपुरातल्या महाल भागात आमच्या घरी 'सांधे धरले' म्हणायचे. कंबर धरली, मान धरली, तसंच. छान शब्द आहे, पण किती वेळ धरले ते त्यातून कळत नाही. तो प्रश्न वेगळा विचारावाच लागतो.

विचारणाऱ्याकडून
आईला पुन्हा नीट विचारलं. नखाजवळ काही नाही, मुळाशीच आहे, दोन्ही हातांना. पायाचं तर मी कधी विचारलंच नव्हतं. म्हणाली, उठल्यावर मोरीपर्यंत जाताना तळव्याखाली खडे टोचल्यासारखं वाटतं. बुधवारी पुन्हा जायचं आहे. हे तिच्याच शब्दांत कागदावर लिहून नेतो.