‘कुणाला सांगू नका’: पोलीस म्हणून आलेले फोन

गेल्या महिन्यात माझी नाशिकची मावशी, वय 71, दोन दिवस स्वतःच्याच घरात ‘अटकेत’ होती. व्हिडिओ कॉलवर खाकीतला माणूस, मागे भिंतीवर अशोकस्तंभ. तुमच्या आधारवर उघडलेल्या खात्यातून काळा पैसा फिरलाय, म्हणाला. आंघोळीला गेली तरी फोन दाराबाहेर चालू. शेजारच्या काकू आमटीची वाटी घेऊन आल्या, तर हिने ‘बरं नाहीये’ म्हणून दारातूनच परत पाठवलं. दुसऱ्या दिवशी एफडी मोडून 4 लाख पाठवले, ‘पडताळणी’ झाली की परत मिळणार म्हणून. बँकेतल्या मुलीने विचारलंसुद्धा, "आजी, एवढे कशाला?" मावशीने पढवलेलं उत्तर दिलं: नातवाच्या फ्लॅटसाठी.

तिने तीस वर्षं गणित शिकवलंय. ‘एवढंही कळलं नाही?’ असं नातेवाईक म्हणतात तेव्हा मला फार राग येतो. वर्धमान या कापड उद्योगसमूहाचे प्रमुख एस. पी. ओसवाल यांना 2024 मध्ये खोटं सर्वोच्च न्यायालय आणि खोटे सरन्यायाधीश दाखवून 7 कोटींना लुबाडलं. हुशारीचा प्रश्नच नाही. माणसाला आधी एकटं पाडतात, मग लुटतात.

तुम्हाला असा फोन आला असेल तर लिहा. पैसे गेले असतील तरी लिहा. कुठलं वाक्य खरं वाटलं आणि कशाने भानावर आलात, तेवढं जरूर लिहा.

परभणीहून

मुलगा लातूरला नीटच्या क्लासला आहे. दुपारी फोन आला, डीपीवर पोलिसाचा फोटो. "आपका लड़का रेप केस में पकड़ा गया है।" मागे कुणीतरी ‘मम्मी, मम्मी’ करून रडत होतं. माझे पाय गळाले. रडणारं पोर कुणाचंही असो, त्या क्षणी ते आपलंच वाटतं. 50 हजार लगेच पाठवा, फोन ठेवू नका, घरात कुणाला बोलू नका. मग एकदम लक्षात आलं, आमचा मुलगा मला आई म्हणतो, मम्मी कधीच नाही. फोन तसाच चालू ठेवून सासूबाईंच्या मोबाईलवरून त्याच्या घरमालकिणीला लावला. पोरगं जेवून झोपलं होतं. त्याचा आवाज ऐकल्यावर मात्र मी जी रडले, ती थांबेचना.

पुण्याहून

मी वकिली करते. अशिलांना नेहमी सांगते की भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, म्हणजे अटकेचे नियम सांगणाऱ्या कायद्यात, ‘डिजिटल अरेस्ट’ (फोनवरची अटक) नावाचं काही नाही. सूर्यास्तानंतर बाईला अटक करायची तर कारण अपवादात्मक लागतं, महिला पोलीस अधिकारी लागते, मॅजिस्ट्रेटची आधी परवानगी लागते. चौकशीला बोलावणारी कलम 35 ची नोटीस व्हॉट्सअॅपवर बजावता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2025 मध्ये स्पष्ट केलं. मला स्वतःला फोन आला तेव्हा यातलं एक अक्षर आठवलं नाही. त्यांनी माझ्या आधारचे आकडे, जुना पत्ता, वडिलांचं नाव घडाघडा म्हणून दाखवलं होतं. सवयीने तोंडातून निघालं, "कुठलं ठाणं? मी अर्ध्या तासात येते." तो ओरडला, "यायचं नाही! घराबाहेर पाऊल टाकलंत तर अटक!" ठाण्यात येऊ नका म्हणणारा पोलीस मी वीस वर्षांत पाहिला नव्हता. फोन ठेवला. हात तासभर थरथरत होते.

एडिसन, न्यू जर्सीहून

माझी गोष्ट 2016 ची. नवा व्हिसा, बायको गरोदर. ‘आयआरएस’मधून, म्हणजे अमेरिकेच्या कर खात्यातून, फोन: कर थकलाय, तासाभरात पोलीस येतील, देशाबाहेर काढतील. गिफ्ट कार्ड घेऊन नंबर वाचून दाखवा म्हणाले. 500 डॉलर गेले. त्या ऑक्टोबरमध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर धाड घातली, सुमारे 700 जणांना ताब्यात घेतलं. आयआरएसच्या नावाने अमेरिकेत फोन तिथूनच जात होते. मी भाईंदरचा, एक स्टेशन पलीकडचा. मला फसवणारा तिथलाच होता का, ठाऊक नाही. पण तिथल्या पोरांनीच हे केलं, हे अजून पचत नाही.

बँकेच्या काउंटरवरून

पैसे गेले की आधी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, रडणं नंतर. मिनिटांत ते भाड्याने घेतलेल्या, दुसऱ्यांच्या नावावरच्या खात्यांतून दहा ठिकाणी फुटतात. जे अजून कुठल्या खात्यात पडून असेल तेवढंच गोठवता येतं. वयस्कर ग्राहक घाईने एफडी मोडायला आले की मी हल्ली कारण विचारत नाही. कागदावर लिहून पुढे सरकवतो: ‘खिशात फोन चालू आहे का?’ आतापर्यंत दोघांनी नुसती होकारार्थी मान हलवली.

नाव, गाव नको

माझ्या बाबांचे 11 लाख गेले, मार्चमध्ये. त्यांनी तक्रार केलेली नाही. आईलाही माहीत नाही, मला पासबुकावरून कळलं. फोन वाजला की ते दुसऱ्या खोलीत जातात. त्यांना काय सांगू?

(धागा काढणारीकडून) उशीर झाला असला तरी राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा, मी भरायला मदत करते. मावशीचे 61 हजार एका खात्यात अडकवून ठेवलेत. न्यायालयाचा आदेश मिळाला की येतील. तुमचं लिहिलेलं तिला आत्ता वाचून दाखवलं. ती म्हणते, "त्यांना माझा नंबर दे. सहानंतर मी घरीच असते."