तिसरं कपाट: बायकांची पुस्तकं, सुरुवात कुठून?

ए-१०४: सोसायटीच्या ग्रंथालयातल्या तिसऱ्या कपाटातली, बायकांनी लिहिलेली पुस्तकं ओळीने वाचायची ठरवतोय आम्ही चौघीजणी. सगळ्यात जुनं आधी, म्हणजे ‘स्त्रीपुरुष तुलना’पासून सुरू करू का?

बी-३०२ (ग्रंथालय): ताई, ते पहिलं नको. ताराबाई शिंद्यांचा निबंध १८८२चा आणि आकाराने लहान, म्हणून सगळे आधी तोच उचलतात आणि अर्ध्यावर परत करतात. सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेवर १८८१ साली भ्रूणहत्येचा खटला झाला. त्यावरून वर्तमानपत्रांनी समस्त बायकांना झोडपलं आणि ताराबाईंनी त्याला उत्तर दिलं. एवढं माहीत नसेल तर तो संताप नेमका कुणावर आहे तेच कळत नाही. प्रस्तावनेसकटची प्रत घ्या आणि प्रस्तावना आधी वाचा.

ए-१०४: मग पहिलं कोणतं?

बी-३०२: ‘स्मृतिचित्रे’, डोळे झाकून. लक्ष्मीबाई टिळकांचं गद्य बोलल्यासारखं आहे, प्रसंग छोटे आहेत, कुठेही थांबता येतं. फक्त प्रत घेताना चारही भाग आहेत ना ते बघा. पहिला भाग १९३४चा. संक्षिप्त प्रतीत गोष्ट समजते, पण पाल्हाळ कापलेला असतो, आणि त्या पाल्हाळातच तर लक्ष्मीबाई भेटतात! जाड आहे, १४ दिवसांत होत नाही. मुदतवाढ आधीच लिहून ठेवते.

सी-५०१: त्याला जोडून रमाबाई रानड्यांचं ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ (१९१०) घ्या. नवरा शिकवायला बसतो आणि घरातल्या बायका त्याचा सूड हिच्यावर उगवतात. शिक्षणाला विरोध घरात कसा होतो हे इतकं बारकाईने फार कमी ठिकाणी आलंय.

डी-२०३: आनंदीबाई जोशींवर ‘आनंदी गोपाळ’ आहे की. तेही आत्मचरित्रांतच ना?

बी-३०२: नाही काका, ती श्री. ज. जोशींची कादंबरी. संवाद लेखकाचे. ‘तिने असं म्हटलं’ म्हणून भाषणात उद्धृत करू नका. आयुष्य समजून घ्यायचं तर अंजली कीर्तने यांचं ‘डॉ. आनंदीबाई जोशी : काळ आणि कर्तृत्व’ घ्या. दोन्ही वाचायची असतील तर चरित्र आधी. उलट क्रमाने कादंबरीतले प्रसंगच खरे म्हणून डोक्यात बसतात.

ए-१०४: यादी एकाच वर्तुळात फिरतेय असं नाही वाटत? रानडे, टिळक, जोशी.

सी-५०१: बरोबर. म्हणूनच तिसरं पुस्तक बेबीताई कांबळ्यांचं ‘जिणं आमचं’ (१९८६) घ्या, शेवटासाठी राखून ठेवू नका. यात ‘मी’पेक्षा ‘आम्ही’ जास्त आहे: सगळा महारवाडा, त्यातले सण, भूक, सासुरवास. बाहेरचा जाच सांगताना घरातल्या पुरुषांचाही सांगतात. बोली अडली तर मोठ्याने वाचा, कानाला लगेच लागते. एका बैठकीत २० पानं पुरे. मजकूर जड आहे, सलग रेटलं की मन बधिर होतं.

मग ऊर्मिला पवारांचं ‘आयदान’ (२००३). आयदान म्हणजे बांबूच्या विणलेल्या वस्तू, लेखिकेची आई त्या विणायची. काळ पुढेमागे होतो, म्हणून कोण कोणाचं कोण ते पहिल्या ५० पानांत कागदावर मांडून ठेवा. आणि त्यांनी मीनाक्षी मून यांच्यासोबत केलेलं ‘आम्हीही इतिहास घडवला’ (१९८९) सोडू नका. आंबेडकरी चळवळीतल्या बायकांच्या मुलाखती आहेत त्यात. मला तर कपाटातलं सगळ्यात मोलाचं पुस्तक तेच वाटतं.

डी-२०३: कथा-कादंबऱ्या?

बी-३०२: विभावरी शिरूरकरांचा कथासंग्रह ‘कळ्यांचे निःश्वास’ (१९३३) आणि कविता महाजनांची ‘ब्र’ (२००५). पहिल्यात शिकलेल्या मुलींची घुसमट, दुसरीत पंचायतीत निवडून आलेल्या बायका. एक घोळ मात्र नेहमीचा: विभावरी शिरूरकर आणि मालती बेडेकर एकच, शिरूरकर हे टोपणनाव. नोंदवहीत दोन नावांखाली गेल्यामुळे अर्धी पुस्तकं ‘नाहीत’ असं सांगितलं जातं. आता बेडेकरांच्या नोंदीपुढे ‘शिरूरकर पाहा’ आणि शिरूरकरांपुढे ‘बेडेकर पाहा’ असं लिहितेय.

सी-५०१: वेगळं कपाट ठेवण्यापेक्षा पुस्तकं आपापल्या विषयात लावा आणि कण्याला, तळापासून चार बोटांवर, रंगीत पट्टी डकवा. नाहीतर इरावती कर्व्यांचं ‘युगान्त’ महाभारताच्या फळीवर शोधणाऱ्याला सापडणारच नाही.

बी-३०२: पटलं. पट्टी कागदाची, खळीने. सेलोटेप नको, वर्षभरात पिवळी पडते आणि काढताना कापड सोलून निघतं.

ए-१०४: मग ‘स्मृतिचित्रे’ माझ्या नावावर, आणि ‘जिणं आमचं’ त्यानंतर राखून ठेवाल?

बी-३०२: ठेवलं. ‘तुलना’ चौथ्या क्रमांकावर टाकते, प्रस्तावनेची प्रत.