पानशेतच्या पुरात बुडालेलं रिव्हॉल्व्हर: गंज काढून नवं करावं का?

शनिवारकर
आजोबांचं वेब्ली मार्क ४ आहे, ३२ बोअरचं, बर्मिंगहॅमचं. आजोबा ठेकेदार होते. मजुरांच्या पगाराची रोकड घेऊन वेल्ह्याकडे जावं लागे, म्हणून परवाना काढलेला. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा ते वाड्याच्या तळमजल्यावर कपाटात होतं. गाळ उपसून कपाट उघडायला चार दिवस गेले. डाव्या अंगावरचे काळे खड्डे तेव्हाचे. ते पुढे वाढले नाहीत, कारण आधी आजोबा आणि नंतर बाबा त्याला नेमाने तेल लावत.

बाबा गेल्यावर ते विक्रेत्याकडे जमा होतं. परवाना माझ्या नावावर झाला, मे महिन्यात घरी आणलं आणि मी ते जुन्या कातडी म्यानात घालून तिजोरीत ठेवलं. पावसाळाभर! कातडं ओल धरतं, कमावताना वापरलेले क्षार आणि आम्लं त्यात राहतात, हे मला आता कळलं. खंडेनवमीला पूजेसाठी काढलं तर नळीवर आणि गोळ्या भरायच्या चक्रीवर नारिंगी गंज. तेव्हापासून नीट झोप नाही.

परवानाधारक कारागिराला दाखवलं. तो म्हणतो, सगळं बफ मारून, म्हणजे फिरत्या चाकावर घासून, खड्डे घालवतो, नवीन ब्लूइंग, म्हणजे पोलादावरचा निळसर-काळा थर, करतो, मुठीच्या पट्ट्या बदलतो, शोरूममधून आणल्यासारखं दिसेल. करावं का?

तांबटआळी
करा. आमच्या घरी पिढ्यानपिढ्या भांडी घडवली आणि कल्हई केली. कल्हई उडालेल्या पातेल्यात कोणी आमटी करत नाही, आणि कल्हई केली म्हणून आजीचं पातेलं परकं होत नाही. हत्यार हे कामाचं साधन आहे. गंजकं ठेवणं म्हणजे ज्यांनी इतकी वर्षं तेल लावलं त्यांच्या कष्टांवर पाणी सोडणं. माणूस चांगला मिळालाय, काम करून घ्या.

सिंहगडवाट
माझा ठाम विरोध. कल्हईत धातूवर थर चढतो, बफमध्ये धातू जातो. हा फरक सोडून बोलू नये.

खड्डा पृष्ठभागाच्या खाली असतो. तो घालवायचा तर आजूबाजूचं सगळं पोलाद त्याच्या तळापर्यंत उतरवावं लागतं. कडा गोल होतात, सपाट बाजू लाटेसारख्या दिसतात, अक्षरं पुसट होतात. ब्लूइंगने खड्डा भरत नाही. तो लोखंडाच्याच काळ्या ऑक्साइडचा अगदी पातळ थर असतो, खालचं जसं आहे तसंच दिसतं. म्हणून तर कारागीर आधी बफ म्हणतोय.

आणि नंबर? परवान्यावर जो नंबर आहे तोच हत्यारावर वाचता आला पाहिजे. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ८ प्रमाणे ओळखखुणा पुसणं गुन्हा आहे. बफच्या चाकाला नंबर कळत नाही. बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाउसचे चाचणीचे शिक्केही जातील.

आमच्या देवघरातला बाळकृष्ण आजीने दर सणाला चिंचेने घासला. आज त्याला नाक नाही. चकाकतो मात्र छान.

तांबटआळी
बाळकृष्णाचं उदाहरण मनाला लागलं, पण पटलं नाही. आजीने घासला कारण तो तिचा देव होता, संग्रहालयातली वस्तू नव्हता. नाक गेलं ते तिच्या हातांनी गेलं, यात मला काही वाईट दिसत नाही. नंबराचं मान्य. तेवढा भाग सोडून काम करायला सांगावं.

मुळामुठा
वाद थोडा बाजूला ठेवून सांगते. गंज दोन आहेत आणि त्यांना एकच औषध नाही. १९६१ चा काळा गंज थांबलेला आहे, त्याला हात लावू नका. नारिंगी गंज जिवंत आहे, तो आज थांबला पाहिजे.

त्यासाठी बफ लागत नाही. सुटे केलेले पोलादी भाग तेलकटपणा काढून डिस्टिल्ड पाण्यात पंधरा-वीस मिनिटं उकळायचे. पातळ लाल गंजाचं काळ्या ऑक्साइडमध्ये रूपांतर होतं, म्हणजे ब्लूइंगमध्ये जे असतं तेच. वर मखमलीसारखी काळी पूड येते, ती अगदी मऊ तारेच्या ब्रशने झाडायची आणि लगेच तेल. नळाचं पाणी नको, डाग पडतात. व्हिनेगर किंवा गंज काढायचं आम्ल तर मुळीच नको, ते गंजाबरोबर उरलेलं ब्लूइंगही खातं. हे कारागिराकडूनच करून घ्या. दुरुस्तीला कलम ५ खालचा परवाना लागतो, स्क्रू खोलण्यापासून पुढचं घरी करू नका.

आणि ते म्यान पुन्हा वापरू नका. शेजारी वेगळं ठेवा.

खडकवासला
मी नारायण पेठेतला, पुरात सगळं गेलेलं घर. इथे पुराचे डाग जपण्याबद्दल फार हळवं बोललं जातंय, म्हणून लिहितो. आमच्या भिंतीवर पाण्याची रेघ होती, माझ्या डोक्याच्याही वर. आईने दोन महिन्यांत चुना लावून ती झाकली. पाहुणे म्हणायचे, राहू द्यायची होती, आठवण आहे. आई म्हणाली, मला रोज बघायची नाही. डाग जपायचा हक्क डाग सोसलेल्याचा. तुमच्या आजोबांना ते खड्डे हवे होते का, हे आधी विचारा कोणाला तरी.

शनिवारकर
खडकवासला, तुमचं वाचून दोन दिवस काही लिहिलं नाही. आत्याला फोन केला. पुराच्या वेळी ती अकरा वर्षांची होती. ती म्हणाली, नंतर एका ओळखीच्याने आजोबांना घासून देतो म्हटलं होतं. आजोबांनी दिलं नाही. कारण तिला माहीत नाही, पण पुरातून वाचलेल्या वस्तूंपैकी तेवढीच एक ते स्वतः पुसत, दुसऱ्या कोणाला हात लावू देत नसत.

माझ्यापुरता प्रश्न तिथे सुटला. खड्डे राहतील, बफ नाही. नारिंगी गंज उकळून थांबवायचा, मुठीच्या जुन्याच पट्ट्या पुन्हा बसवायच्या.

तांबटआळी
आजोबांनीच नाही म्हटलं असेल तर मी बाजूला होतो. पण एक विचारतो, आतून काय आहे? बाहेरचा खड्डा आठवण असेल, चक्रीत गोळी बसते त्या घरातला खड्डा धोका आहे. गोळी सुटली की काडतुसाचं कवच फुगून खड्ड्यात रुततं, मग रिव्हॉल्व्हर बिजागरीवर दुमडून उघडल्यावर सहाही कवचं एकदम बाहेर येत नाहीत. भिंत कुठे पातळ झाली असेल तर त्याहून वाईट. हे न बघता स्वसंरक्षणाला भरून ठेवणार असाल तर माझा विरोध कायम.

सिंहगडवाट
इथे मी तांबटआळींच्या बाजूने. सहाही घरं आणि नळी आतून प्रकाश पाडून तपासून घ्या.

शनिवारकर
आज तपासलं. चार घरं स्वच्छ, नळीही बरी. दोन घरांत नखाला लागतील असे खड्डे आहेत, तेही डाव्या अंगाचे. कारागीर म्हणतो घासून मोठी करता येतील. मी नको म्हटलं. आता त्यातून गोळी सुटणार नाही. भाग सोमवारी उकळायला जाताहेत, परवान्यावरचा नंबर आणि चौकटीवरचा नंबर दोघांनी मिळून वाचून घेतला.