'पास आऊट' झाले म्हणजे पदवी मिळाली की भोवळ आली?

शिकवणीवाली, कॉलेज रोड, नाशिक
मी इंग्रजी शिकवते. परवा एक विद्यार्थिनी रडवेली होऊन आली. परदेशी विद्यापीठाच्या ऑनलाइन मुलाखतीत ती म्हणाली, 'आय पास्ड आऊट इन २०२३.' समोरच्या बाई क्षणभर थांबल्या आणि काळजीनं विचारलं, 'आता बरं आहे ना?' पोरीला काही उमगेना. पुढे प्रत्येक उत्तराला ती अडखळली. इंग्लंड-अमेरिकेत रोजच्या बोलण्यात 'पास आऊट' म्हणजे शुद्ध हरपणं. पदवीसाठी 'ग्रॅज्युएट' म्हणतात. माझं मत: पदवीला 'पास आऊट' म्हणणं चूक आहे, ही सवय शाळेतच मोडावी.

त्र्यंबकरोडकर
नाही पटलं, मॅडम. आमच्या रस्त्यावर पोलीस अकादमी आहे. नवे फौजदार बाहेर पडतात त्या दीक्षांत संचलनाला सगळे 'पासिंग आऊट परेड'च म्हणतात. हा प्रयोग इंग्रजांच्याच फौजेतला आहे आणि तिकडे आजही चालतो. छावणीतला शब्द आपण कॉलेजात आणला, एवढंच. त्याला चूक का म्हणायचं?

शिकवणीवाली
परेडला बँड वाजत असतो, टोप्या उडत असतात, अर्थ आपोआप कळतो. माझ्या पोरीजवळ नुसतं एक वाक्य होतं.

सातपूर एमआयडीसी
कंपनीत भरतीचं काम करतो. '२०२२ चा पासआऊट' असं लिहिलेले अर्ज रोज येतात, कोणाचाही घोटाळा होत नाही. मराठीतलं 'बसणं' घ्या. घसा बसतो, धंदा बसतो, घडी बसते, पोरगं परीक्षेला बसतं. शेजारचा शब्द अर्थ सांगतो. तसंच इथे 'फ्रॉम' लागला की कॉलेज समजायचं.

शिकवणीवाली
'फ्रॉम'वर विसंबू नका, दादा. 'पास्ड आऊट फ्रॉम द हीट' म्हणजे उन्हानं चक्कर आली. 'फ्रॉम'च्या पुढे काय येतं ते बघावं लागतं. आणि 'पास आऊट द पेपर्स' म्हटलं की पेपर वाटायचे. कर्म आलं की अर्थ तिसराच. म्हणून तर हे क्रियापद सुटं पाठ करून भागत नाही, अख्खं वाक्य घ्यावं लागतं.

लॅम रोड, देवळाली
प्रत्येक वेळी आपणच का बदलायचं? १९व्या शतकात गोरे शिपाई मायदेशी जायच्या बोटीची वाट बघत आमच्या देवळालीत महिनोन् महिने पडून असायचे. त्यातल्या काहींचं डोकं फिरायचं. त्यावरून इंग्रजीत 'गो डूलाली' रूढ झालं, म्हणजे वेड लागणं. आमच्या गावाचं नाव मोडून त्यांनी विशेषण केलं आणि ते त्यांच्या शब्दकोशात आहे. मग आपला 'पास आऊट' का नको? इंग्रजी आता आपलीही भाषा आहे.

शिकवणीवाली
आहेच. सातपूरला बोला, घरी बोला, मी अडवणार नाही. 'चूक' हा शब्दही मागे घेते. पण समोरचा नाशिकचा नसेल तेव्हा पोरीजवळ दुसरा शब्द तयार हवा.

पंचवटीतली आजी
आम्ही सरळ 'मी बी.ए. झाले' म्हणायचो. हल्ली नातवंडं मराठी बोलतानाही 'पास आऊट झालो' म्हणतात. मला ते जास्त लागतं.

शिकवणीवाली
आजी, उद्याच्या तासाला फळ्यावर आधी तुमचंच वाक्य लिहिते.