मदत हवी आहे: जुन्या पीसींच्या क्लस्टरमध्ये एक मशीन १०० एमबीपीएसवरच अडकलंय

ऑफिसातून निघालेले चार सेकंडहँड डेस्कटॉप घेतलेत, चारही सारखेच, आय५ चौथ्या पिढीचे, ८ जीबी रॅम, गिगाबिट लॅन बोर्डवरच. सगळ्यांवर डेबियन (लिनक्स), पहिल्या मशीनवरून एनएफएस शेअर (नेटवर्कवरून वापरायचं सामायिक फोल्डर), आणि एकच काम चौघांत वाटून चालवायला ओपन एमपीआय. तीन नोड (म्हणजे मशीन) मस्त चालतात, आयपर्फला (नेटवर्कचा वेग मोजणारं टूल) ९४० एमबीपीएसच्या आसपास येतं, पण चौथा ९४ च्या वर जातच नाही आणि त्याच्यासाठी बाकीचे तिघं ताटकळत बसतात.

इथटूल (लॅन पोर्टची स्थिती दाखवणारी कमांड) स्पीड १०० दाखवतं. केबल बदलली (कॅट ६, तीच दुसऱ्या नोडवर १००० देते), स्विचचा पोर्ट बदलला, बायोस डीफॉल्ट केलं, चांगल्या नोडची डिस्क यात लावून बघितली, तरी तेच, म्हणजे ड्रायव्हरचा प्रश्न नसावा. फक्त १००० ॲडव्हर्टाइज केलं (म्हणजे पोर्टला तेवढाच वेग जाहीर करायला लावला) की लिंकच जाते, दिवा विझतो. टॉर्च मारून पोर्टमध्ये पाहिलं तर आठातली एक पिन किंचित आत दबलेली वाटते, आणि गिगाबिटला तारांच्या चारही जोड्या (म्हणजे आठही पिना) लागतात म्हणून संशय तिथेच आहे.

वायफाय नको, बजेट हजारभर रुपये, पीसीआयई एक्स१ स्लॉट (कार्ड बसवायची छोटी खाच) रिकामा आहे, सोल्डरिंग येत नाही.

ती पिन सुईने हळूच वर घेणं सुरक्षित आहे का, की सरळ वेगळं लॅन कार्ड टाकू? आणि कार्डच घ्यायचं तर डेबियनवर बिनत्रास चालणारं कुठल्या चिपचं घेऊ?